हात लावा, मोडलं तर सांगा: गावातल्या एका खोलीत विज्ञानाचं दालन

दारं उघडून वीस मिनिटं झाली नसतील, तोच आमचा भूकंप मोडला. सातवीतल्या दोघांनी दोन बाजूंनी फळी धरली, गदागदा हलवली, आणि कोपऱ्यातली स्प्रिंग तुटून खिडकीच्या गजावर वाजली. आदल्या रात्री रंगवून ठेवलेली घरं भुईसपाट. पोरं जाम खूश. कुणाला लागलं नाही हे नशीब. त्या संध्याकाळी मी वहीत एवढंच लिहिलं: 'जोर पोरांच्या हातात देऊ नये. वेग द्यावा.' त्याचा अर्थ पुढे येईलच.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाची मागची खोली रिकामी पडून होती. बारा बाय अठरा, वर पत्रे, एक खिडकी रस्त्याकडे. तिथे आम्ही चारपाच जणांनी हाताळायच्या वस्तूंचं दालन उभं केलं. लेकरांनी यावं, सोबत आईबापांनी, आजीआजोबांनीही यावं आणि सगळ्यांनी हात घालावा. ज्यांना आपल्या गावात असं काही करायचंय, त्यांच्यासाठी कसं केलं ते सगळं लिहितो, आमच्या चुकांसकट.

सुरुवात करण्याआधी एक फेरी मारून या

कुठलंतरी मोठं विज्ञान केंद्र आधी बघा. आम्हा लातूर-धाराशिववाल्यांना सोलापूरचं जवळ पडतं. छत्रपती संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात अब्दुल कलामांच्या नावाचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे. नांदेडकडच्यांना नागपूरचं रामन विज्ञान केंद्र रेल्वेने गाठता येतं. मुंबईला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहेच.

जाल तेव्हा वस्तूंकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघा. एका कोपऱ्यात अर्धा तास बसा. कोणत्या टेबलापाशी लेकरं बटण दाबून पळतात, आणि कोणत्या टेबलावरून आईला हाताला धरून ओढावं लागतं? बटण दाबलं, दिवा लागला, संपलं, अशा वस्तूपाशी मिनिटभरही कुणी थांबत नाही. जिथे आपण काही बदललं की निकाल बदलतो, तिथे गर्दी हटत नाही. फ्रँक ओपनहायमर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केलं ते याच भरवशावर. शिवाय आपली प्रदर्शनं कशी बनवली हे त्यांनी जगापुढे उघडं करून टाकलं. म्हणून नक्कल करायची लाज बाळगू नका. पण नक्कल करताना 'हे आपल्या गावातल्या कुणाच्या कामाचं आहे' हा प्रश्न मात्र विचारा. आमच्याकडे माणसं कशावर बोलतात? पाणी, बोअर, ऊन आणि त्र्याण्णवचा भूकंप. तेवढेच विषय घेतले.

खोलीचं थोडक्यात

विजेवर चालणारं काही ठेवू नका. लोडशेडिंगमध्ये बंद पडलेली वस्तू बघितलेला माणूस पुन्हा येत नाही. टेबलं गुडघ्याच्या जरा वर, पावणेदोन-दोन फूट उंचीची हवीत. तिसरीतल्या पोराला खाली वाकून बघता आलं पाहिजे आणि आजीला स्टुलावर बसून हात पोचवता आला पाहिजे. दोन टेबलांत एवढी जागा ठेवा की लेकरू कडेवर घेतलेली बाई सहज जाईल. पत्र्याची खोली असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते दहा एवढाच वेळ. त्यानंतर तिथे माणूस थांबत नाही, विज्ञान कुठून थांबणार!

भूकंपाची फळी

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच थांबतात, म्हणून हे नीट सांगतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. किल्लारीच्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या हिशेबात हा काही महाभयंकर आकडा नाही. तरीही दहा हजारांच्या घरात माणसं गेली, कारण घरं पडली. दगड-मातीच्या दोनदोन हात जाड भिंती, आणि वर मातीचं जड माळवद. तेव्हाच्या अधिकृत नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

आता बांधणी. पहिल्यांदा आम्ही फळीखाली गोट्या ठेवल्या आणि चार कोपऱ्यांना स्प्रिंगा लावल्या. गोट्या एका बाजूला जमतात आणि फळी तिरकी होते. हा नाद सोडा. सुताराकडून ड्रॉवरला लावतात ते बेअरिंगचे दोन चॅनेल घ्या. अठरा एमएम प्लायचा दोन बाय दीड फुटाचा तुकडा त्यांवर बसवा, म्हणजे फळी एकाच रेषेत मागेपुढे सरकेल. फर्निचरवाल्याकडे प्लायचे उरलेले तुकडे पडलेले असतात, नवीन अख्खी शीट घेऊ नका.

हलवण्यासाठी लाकडी चकती आणि तिला हँडल. चकतीच्या मध्यापासून बरोबर एक सेंटिमीटरवर एक खिळा, आणि तिथून फळीपर्यंत लोखंडी पट्टी. हँडल फिरवलं की फळी एकूण दोन सेंटिमीटर मागेपुढे जाते, त्याहून जास्त कितीही जोर लावला तरी जात नाही. वहीतल्या त्या वाक्याचा अर्थ हाच. आता पोराच्या हातात फक्त वेग आहे, आणि वेगाने काय होतं तेच आपल्याला दाखवायचंय. सगळे नट नायलॉनवाले घ्या, साधे नट हादऱ्यांनी दोन दिवसांत ढिले होतात.

फळीवर आधी तीन पाती बसवा. हॅक्सॉचं जुनं पातं, दात घासून काढलेलं, खाली लाकडात घट्ट आवळलेलं. वर निघालेली लांबी अठ्ठावीस, बावीस आणि सतरा सेंटिमीटर. प्रत्येकाच्या टोकाला अंदाजे पन्नास ग्रॅम वजनाचे नट. हँडल हळू, सेकंदाला दोनच्या आत फेरे फिरवलं की सगळ्यात लांब पातं वेड्यासारखं झुलायला लागतं आणि बाकीची दोन नुसती बघत राहतात. वेग वाढवला की मधलं उठतं, लांबवालं गप्प. अजून वाढवला की आखूड. एकाच जमिनीवर एकाच हादऱ्यात तीन घरांचं तीन तऱ्हेचं वागणं, हे बघून मोठी माणसंही हँडल सोडत नाहीत. 'ह्या बारीला मधलं' म्हणून नेमका वेग साधायची शर्यत लागते.

त्याच्या शेजारी दोन घरं. लाकडी ठोकळ्यांच्या चार भिंती, दोन्ही घरं सारखी. फरक एकच: एका घराला दाराच्या वरच्या उंचीला चारी बाजूंनी रबर बँड चढवलेला. हादऱ्यात साध्या घराचे कोपरे आधी फाटतात, भिंती बाहेर झुकून पडतात. बँडवालं घर बराच वेळ एकसंध राहतं. खऱ्या बांधकामात हा बँड म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी. दोन घरांत एकापेक्षा जास्त फरक ठेवू नका, नाहीतर कशामुळे पडलं हे कळायचा मार्गच उरत नाही.

छत म्हणून आम्ही पुठ्ठा ठेवला होता. दुसऱ्या रविवारी एक आजी आल्या, नातू हँडल फिरवत होता. घर पडलं, पोरं ओरडली. आजींनी पडलेला पुठ्ठा उचलला, बोटांत धरून हलवला आणि म्हणाल्या, "हे काय माळवद हाय का बाबा? कागूद हाय ह्यो." मग म्हणाल्या, "आमी दरसाली रोहिण्या निघायच्या आदी वर माती टाकायचाव. गळू नाही म्हनून. खालची काडली कुनी? थरावर थर."

त्या निघून गेल्यावर आम्ही ते घर मोडलं आणि तिसरं बनवलं. भिंती नाहीत, चिकणमातीत रोवलेले चार कामट्यांचे खांब, वर प्लायचं छत. सोबत जुन्या साडीच्या पिशव्या, प्रत्येकीत पाव किलो वाळू. एक पिशवी ठेवून हँडल फिरवलं तर घर हलतं पण उभं राहतं. दुसरी ठेवली की झोला मोठा होतो. तिसऱ्या-चौथ्या पिशवीला खांब एकदा तिरके झाले की वरचं वजनच त्यांना खाली ओढतं आणि सगळं बसतं. ('वजन ठोकळ्यांच्या भिंतीवरच का नाही ठेवलं?' असं विचारणारा भेटेलच. ठेवून बघितलं. वजनाने ठोकळे उलट घट्ट दाबले जातात आणि निकाल गोंधळतो.) प्रत्येक पिशवीवर आम्ही लिहिलंय: 'दहा वर्षांची माती'. आकडा गमतीचा आहे, पण जुनी माणसं तो वाचून मान डोलावतात.

एक काळजी घ्या. आपल्या भागात ही वस्तू बघून कुणाला जुनं आठवू शकतं. ती दाराच्या अगदी समोर मांडू नका, आणि शेजारी एक बाक ठेवा.

पाणचक्कीचं पाणी

संभाजीनगरची पाणचक्की सहलीत सगळ्यांनी बघितलेली असते. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी जमिनीखालून आलेलं पाणी तिथे उंच भिंतीवर चढतं आणि हौदात कोसळतं. मलिक अंबरच्या नहरीपासून त्या शहराला ही विद्या ठाऊक होती. पण 'पंप नाही तर पाणी वर चढलं कसं' हे विचारा, दहातले नऊजण गप्प होतात. गवंड्याला मात्र उत्तर माहीत असतं, कारण त्याची लेव्हलची नळी त्याच तत्त्वावर चालते.

तीच नळी घ्या. पारदर्शक, अर्धा इंची, सहा-सात मीटर. बादलीच्या बुडाशी ठिबकवाले लावतात तसं ग्रोमेट (रबरी कडं) आणि टेकअप (नळीचा जोड) बसवा. थेंबभरही गळत नाही. नळी बादलीतून खाली फरशीपर्यंत, फरशीवरून आडवी, आणि पलीकडे पुन्हा वर, टोकाला रिकाम्या बॉलपेनची निमुळती नळी. बादली रहाटावरून दोरीला टांगा. लेकराने दोरी ओढली की बादली वर जाते आणि पलीकडचं कारंजं उंच होतं. भिंतीवर खडूने बादलीतल्या पाण्याची पातळी आणि कारंज्याची उंची अशा दोन रेघा मारायला लावा. कारंजं बादलीला कधीच गाठत नाही. 'उरलेली उंची कुठे गेली' यावर घरातल्या माणसांत चांगली जुंपते. (नळीच्या घासण्यात आणि हवेच्या अडवण्यात.) बादलीत पाच लिटरच्या वर पाणी भरू नका, दोरीला मागे गाठ मारून ठेवा, आणि खाली घमेलं असू द्या.

नळीला मध्ये मुद्दाम एक उंचवटा दिला आणि तिथे ठिबकचा छोटा कॉक बसवला तर मजा वाढते. उंचवट्यात हवेचा फुगा अडकला की धार बारीक होते किंवा थांबते. कॉक उघडून हवा सोडली की फुस्स आवाज होऊन पाणी धावतं. शेतात पाइपलाइन टाकलेला प्रत्येक माणूस इथे आपल्या लेकराला पुढचं सगळं स्वतः समजावून सांगतो. आपण बाजूला व्हायचं.

बोअर आणि विहीर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वॅगनची, सुमारे पाच लाख लिटर. हे ज्यांनी सोसलं त्यांना भूजल म्हणजे काय हे आपण काय सांगणार? तरी जमिनीखाली 'झरा वाहतो' अशी समजूत पक्की असते. प्रत्यक्षात आपल्याखाली काळा पाषाण आहे, आणि पाणी असतं ते त्याच्या फटींत आणि वरच्या मुरमाड थरात.

दोन फुटी माशांची काचेची टाकी घ्या. तळाला फटी ठेवून चपटे काळे दगड रचा, वर स्वच्छ धुतलेली खडी, त्यावर जाडी वाळू. काळी माती घालायचा मोह होईल. घालू नका. आम्ही घातली, टाकी आठ दिवस चहासारखी दिसत होती. काचेला चिकटवून तीन इंची पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला अर्धा तुकडा ठेवा, ही विहीर. उघडी बाजू काचेकडे, कडा एमसीलने बंद, मागच्या बाजूला भोकं आणि त्यांवर जाळी. आत थर्माकोलचा लाल तुकडा तरंगत ठेवा. बोअर म्हणजे सलाइनची नळी तळापर्यंत खुपसलेली आणि वर साठ मिलिलिटरची सिरिंज.

खेळाचा नियम असा: सिरिंजने काढलेलं पाणी जगमध्ये ओतायचं, परत टाकीत टाकायचं नाही. पाऊस फक्त भोकं पाडलेल्या डब्यातून, एका फेरीला एक पेला. दोघा भावंडांनी दोन सिरिंजा ओढायला सुरुवात केली की विहिरीतला लाल तुकडा डोळ्यांदेखत खाली बसतो. सुरुवातीला आम्ही एकच बोअर ठेवली होती. एका शेतकऱ्याने बघितलं आणि विचारलं, "आन् शेजाऱ्याची कुठंय?" त्याच दिवशी दुसरी बसवली, नंतर तिसरी. आता विहीर आटली की टेबलाभोवती खरोखरीचे आरोप सुरू होतात.

दर आठ दिवसांनी पाणी बदला, नाहीतर काच हिरवी पडते. ग्रामपंचायतीकडून चिमूटभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मिळालं तर उत्तम.

अंधारी खोली

हे सगळ्यात स्वस्त. रस्त्याकडच्या खिडकीला काळी पन्नी दुहेरी लावून बंद करा आणि मधोमध एक सेंटिमीटरचं भोक पाडा. समोर तीन-चार फुटांवर पांढरं धोतर ताणून धरा. दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग धोतरावर रस्ता उतरतो, रंगासकट आणि उलटा: सायकली डोक्यावर चालतायत, झाडं वरून खाली लोंबतायत. बाहेर कुणालातरी उड्या मारायला उभं करा, आत कल्ला होतो.

चित्र ठसठशीत हवं असेल तर चष्म्याच्या दुकानातून अधिक एक नंबरची गोल काच मागून आणा. भोक तीन सेंटिमीटरचं करा, काच त्यावर चिकटवा आणि धोतर बरोबर एक मीटरवर धरा. अधिक दोनची काच मिळाली तर अर्धा मीटर. मावशींच्या, काकांच्या चष्म्याचा 'नंबर' म्हणजे नेमकं काय, ते इथे मीटरपट्टीवर कळतं. या काचेतून सूर्याकडे कुणी बघणार नाही यावर मात्र लक्ष ठेवा. काच पन्नीला पक्की चिकटवलेलीच असावी.

पत्र्याला खिळ्यांची भोकं असतील तर ती बुजवताना एक सोडा. भोक वेडंवाकडं असलं तरी दुपारी जमिनीवर पडणारा कवडसा गोलच असतो, कारण तो सूर्याची प्रतिमा असतो. पत्रा कवडशापासून सव्वातीन मीटरवर असेल तर कवडसा तीन सेंटिमीटरचा भरतो. अंतराला रुंदीने भागा, एकशे आठच्या आसपास येतं, आणि सूर्याच्या अंतराला त्याच्या व्यासाने भागलं तरी तेच.

अंगणातला खांब

मीटरभर उंचीचा सरळ पाइप, ओळंब्याने उभा केलेला, भोवती फरशी. पोरांनी दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात; लातूरला मेच्या मध्यावर बारा वाजून वीस मिनिटं झालेली असतात. घड्याळ पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण साडेशहात्तरच्या जवळ. मेच्या मध्याला लातुरात एक दिवस असा येतो की खांबाची सावली बरोबर त्याच्या पायात जाते. संभाजीनगरला तो दिवस पाच-सहा दिवस उशिरा. पंचाईत ही की तेव्हा शाळेला सुट्टी असते, आणि जुलैअखेर पुन्हा तो दिवस येतो तेव्हा ढग असतात. म्हणून आम्ही मे महिन्यात त्या दिवशी ताकाचं पातेलं ठेवतो. माणसं येतात.

पाट्या लिहिणं

आमची पहिली पाटी होती: 'भूकंपलहरी व संरचनांचा अनुनाद'. एकानेही वाचली नाही. आताची: 'कोणतं घर आधी पडेल? आधी पैज लावा, मग फिरवा.' पाटीवर प्रश्न आणि काय करायचं एवढंच, दोन ओळींत. उत्तर लिहिलं की लेकरं उत्तर वाचून निघून जातात. कारण जाणून घ्यायचंच असेल त्यांच्यासाठी ते टेबलाखालच्या फळीवर, वाकल्याशिवाय दिसणार नाही असं लिहून ठेवलंय. अक्षर बोटाच्या पेराएवढं, पेंटरकडून काढून घ्या. पण वस्तू महिनाभर वापरात गेल्याशिवाय पेंटरला बोलावू नका. तोवर खडूने लिहा, कारण ती बदलणार आहे.

बाजारच्या दिवशी

रविवारपेक्षा आठवडी बाजाराला गर्दी जास्त होते. माळव्याची पिशवी दाराशी ठेवायला जागा करा, प्यायला पाणी ठेवा. दोघांनी मदतीला थांबायचं आणि एक नियम पाळायचा: कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शिक्षकांना हे फार जड जातं, मला अजून जातं. त्याऐवजी वहीत लिहीत बसा. कोण किती वेळ थांबलं, कुठे हात अडला, काय मोडलं.

रोज काहीतरी मोडतंच. दारामागे एक खोका आहे: रबर बँडचं पाकीट, चार सिरिंजा, सलाइनच्या नळ्या, नायलॉन नट, दहा नंबरचा पाना, एमसील, कामट्यांची जुडी, चिकणमातीचा गोळा ओल्या फडक्यात. खोक्यावर पोरांनीच लिहिलंय, 'मोडलं तर सांगा, रागवत नाही'. सिरिंजा सगळ्यात लवकर जातात. त्यांच्या रबराला खोबरेल तेलाचं बोट लावू नका, रबर फुगून अडकतं. साबणाचं पाणी पुरतं.